सरकारी आरोग्याची सक्ती आणि सिद्धगडचा पायथा

सरकारने कायदा करून आरोग्यव्यवस्था सुधारावी का, आणि सुधारताना नागरिकांवर, डॉक्टरांवर, रुग्णालयांवर किती सक्ती करावी, हा वाद अमेरिकेतून आपल्याकडे आला असे अनेकांना वाटते. 2010 साली ओबामांच्या कायद्याने जवळपास प्रत्येक नागरिकाला विमा घेणे बंधनकारक केले. त्यावरून रिपब्लिकन पक्षाने रान उठवले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 2012 मध्ये कायदा थोडक्यात वाचला आणि पुढे 2017 च्या करकायद्याने विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आणला. आपल्या वर्तमानपत्रांत हे सारे छापून आले. पण सरकारी सक्तीविरुद्धची परंपरावादी बाजू मराठी माणसाने त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी मांडली होती, आणि तीही जिवावरच्या प्रसंगात. लसीकरण, संमतिवय, प्लेग, नसबंदी, कामगार विमा, जनआरोग्य योजना अशा प्रत्येक टप्प्यावर ती वेगळ्या तोंडून पुन्हा ऐकू आली आहे. तिच्याकडे प्रतिगामी म्हणून दुर्लक्ष करणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. माझे म्हणणे असे की या टीकेने केलेले निदान बहुतेक वेळा खरे ठरले आणि तिने सांगितलेला उपाय गरीब, दुर्गम भागात बहुतेक वेळा निकामी ठरला. हे दोन्ही एकत्र पाहायचे असेल, तर ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यासारखी जागा नाही.

सिद्धगड मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या जंगलात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून उभा आहे. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले, आणि त्या तारखेला दर वर्षी लोक मानवंदनेसाठी जमतात. एरवी हा मुलूख महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वाड्यांचा आहे. भात निघाले की कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शेजारचा शहापूर तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग येतो. शहापुरातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी नळांतून थेट मुंबईला पोचते आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. डोंगरातल्या वाडीवर बाई अडली की बांबूला चादर किंवा गोधडी बांधून डोली करायची, चौघांनी खांदे बदलत ती गाडीरस्त्यापर्यंत उतरवायची, जीप मिळाली तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. तिथे डॉक्टर नसला किंवा रक्ताची सोय नसली तर मुरबाड, मुरबाडहून उल्हासनगर, तिथेही नाही जमले तर कळवा किंवा मुंबई. प्रत्येक ठिकाणी हातात एक चिठ्ठी पडते आणि ‘पुढे घेऊन जा’ हे शब्द कानावर पडतात. आरोग्यसुधारणेचा कोणताही सिद्धांत, उजवा असो की डावा, या वाटेवर किती टिकतो ते पाहावे लागेल.

मुंबई इलाख्यात सक्तीच्या देवीच्या लसीचा कायदा 1877 साली आला, आणि जिल्ह्यांसाठीचा 1892 साली. मूल ठरावीक वयाचे होईपर्यंत लस टोचली नाही तर आईबापांना शिक्षा, असा त्याचा गाभा होता. याच काळात संमतिवयाचा वाद पेटला. वरवर पाहता तो विवाहाचा प्रश्न होता, पण मुळात तो लहान मुलींच्या शरीराचा आणि आरोग्याचा प्रश्न होता. कलकत्त्याची दहा-अकरा वर्षांची फुलमणी 1889 साली नवऱ्याच्या संभोगाने मेली, आणि 1891 च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. टिळकांनी कायद्याला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा होता की परक्या सरकारने समाजाच्या घरात शिरून सुधारणा करू नये, समाज शिकून आपली आपण करील, आणि ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी ती स्वतःवर बंधनकारक करून घ्यावी. 1890 मध्ये त्यांनी तशी कलमेच मांडली होती, मुलींचे लग्न सोळाच्या आत आणि मुलांचे विसाच्या आत करणार नाही, अशी. या भूमिकेतला पहिला भाग मला मान्य नाही. ज्या मुलीचा जीव जातो आहे तिला समाज शहाणा होण्याची वाट पाहायला सवड नसते, आणि ‘समाज’ म्हणताना तिला कोणी विचारलेलेही नसते. पण दुसरा भाग, म्हणजे सुधारणा सांगणाऱ्याने पहिले बंधन स्वतःवर घ्यावे हा, मोलाचा आहे. तो पुढे उपयोगी पडेल.

या टीकेची खरी कसोटी लागली ती प्लेगमध्ये. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात पहिला रोगी ओळखला. साथ वाढली तसा सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा केला. तो जेमतेम चार कलमांचा होता. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण, एवढेच त्यात होते. नागरिकाला काय मिळेल, याबद्दल एक शब्द नव्हता. कल्याण जंक्शनवर गाड्यांतून उतारू उतरवून तपासले जाऊ लागले, म्हणजे आजच्या शहापूर-मुरबाडच्या माणसाला ही सक्ती भेटली ती तिथे. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली 13 मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या सुरू केल्या. ते माजघरात, देवघरात शिरत, संशयित रोग्याला इस्पितळात आणि घरच्या माणसांना छावणीत नेत, सामान बाहेर काढून जाळत. लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवायला सुरुवात केली. रोगी लपला की रोग पसरतो, हे वैद्यकातले साधे सत्य आहे. म्हणजे ज्या उपायाने साथ आटोक्यात यायची, त्याच उपायाच्या धाकाने ती घराघरांत दडली. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडला गोळी घातली. टिळकांना जुलैमध्ये अटक झाली आणि सप्टेंबरात राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

टिळकांची त्या काळातली भूमिका नीट वाचली तर ती प्लेगप्रतिबंधाच्या विरोधात नव्हती हे दिसते. पुढारी गाव सोडून जात असताना ते पुण्यात राहिले, हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यात पुढे झाले, लोकांनी वेगळे राहावे असे सांगत राहिले. त्यांचा रोख पद्धतीवर होता. लोकांच्या विश्वासातल्या माणसांना बरोबर न घेता, बायकामाणसांची आब न राखता, सोजिरांच्या हातून आरोग्य राबवले तर ते आरोग्य राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे ठरले. पुढे सरकारनेच सैनिकांऐवजी स्थानिक स्वयंसेवकांची मदत घेण्याकडे आणि हाफकिनच्या प्लेगविरोधी लशीसाठी मन वळवण्याकडे मोर्चा वळवला. दुसरीकडे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. त्या परंपरावादी नव्हत्या, उलट परंपरावाद्यांचा आयुष्यभर मार सोसलेल्या होत्या. तरीही सक्तीविना विश्वास कसा मिळवायचा, ते त्यांच्या कामाने सगळ्यात लख्ख दाखवले. इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मग देवी कशी गेली? सक्तीच्या लशीनेच ना? भारतातून देवी 1975 साली हद्दपार झाली, आणि त्यात कायद्याचा वाटा होता हे खरे. मात्र अखेरच्या वर्षांत यश आले ते गावोगाव फिरून रोगी हुडकण्याने आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना लस देण्याने. हे काम गावाने माहिती दिल्याशिवाय होत नाही. कायदा ऐंशी-नव्वद वर्षे पुस्तकात होता तेव्हा देवी गेली नाही, पायपीट करणारी माणसे आणि चांगली लस आली तेव्हा गेली.

सक्ती मर्यादेबाहेर गेली की काय होते, याचे महाराष्ट्रातले टोकाचे उदाहरण आणीबाणीतले आहे. 1976 मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले. असे विधेयक मंजूर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी आली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण उद्दिष्टाचे आकडे भरण्यासाठी माणसे पकडून नेण्याचे प्रकार देशभर झाले, आणि कुटुंबनियोजन या चांगल्या कामाला त्याचा डाग कितीतरी वर्षे राहिला. कोविडमध्ये हा प्रश्न सौम्य रूपात परत आला. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेतलेल्यांनाच प्रवास करता येऊ लागला. कसारा आणि आसनगावहून कामाला जाणाऱ्या माणसासाठी लोकल म्हणजे रोजगार. लस ऐच्छिक, पण पास लशीवर, अशी ती रचना होती. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 च्या निकालात सांगितले की कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, आणि सार्वजनिक हितासाठी बंधने घालायची तर ती प्रमाणात असली पाहिजेत. माझ्या मते हा निकाल या जुन्या वादातली सर्वांत समतोल रेघ आहे. शरीर नागरिकाचे, पण साथीत इतरांच्या जिवाचाही हिशेब धरावा लागतो.

इथवर सक्ती शरीरावरची होती. स्वातंत्र्याच्या सुमारास ती पैशाकडे आणि व्यवसायाकडे वळली. भोर समितीने 1946 च्या अहवालात सांगितले की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. दूरच्या पल्ल्याच्या आराखड्यात तिने दर दहा-वीस हजार लोकसंख्येमागे 75 खाटांचे रुग्णालय मांडले होते. त्यानंतर पाऊण शतक उलटले आहे. डोंगरी-आदिवासी भागासाठी आजचा निकष वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा आहे, आणि या केंद्रात खाटा सहा असतात. हे आकडे शेजारी ठेवले की परंपरावादी टीकाकाराचा एक आवडता मुद्दा सिद्ध होतो: सरकार जे कागदावर देते त्याची किंमत कोणी मोजलेली नसते. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने मात्र किंमत मोजली आणि ती सक्तीने वसूल केली. आज 21 हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के कापले जातात. मुरबाडच्या एमआयडीसीत ही योजना लागू आहे, म्हणजे अमेरिकेत ज्यावर एवढे रण माजले ती विम्याची सक्ती सिद्धगडपासून काही कोसांवर मुकाट चालू आहे. तिच्यावरची टीका अशी की वर्गणी कापली जाते, पण मोठ्या आजारात कामगाराला उल्हासनगर किंवा ठाण्याच्या विमा रुग्णालयाकडे धावावे लागते, आणि कंत्राटी कामगाराचे नाव यादीत असेलच याची खात्री नसते. मी या टीकेशी सहमत आहे. पण त्यावरून सक्ती रद्द करा हा निष्कर्ष निघत नाही. धडधाकट माणूस वर्गणी टाळतो आणि आजारी माणूस धावत येतो, तेव्हा कोणताही विमा बुडतो. हे अमेरिकेतल्या परंपरावाद्यांनाही एके काळी पटले होते. 1989 साली विम्याच्या सक्तीची कल्पना मांडणाऱ्यांत हेरिटेज फाउंडेशन ही त्यांचीच संस्था होती, आणि 2006 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती अमलात आणणारे गव्हर्नर मिट रॉम्नी रिपब्लिकन होते.

महाराष्ट्रात आज जी योजना सर्वांत मोठी आहे ती विम्याच्या धर्तीवरची, पण वर्गणीविना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात ठाणे नव्हते, ठाण्याला ती नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आणि आता ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी खुली आहे. काँग्रेसने सुरू केलेली योजना भाजपने वाढवली, त्यामुळे आपल्याकडे या प्रकारच्या धोरणावर मुळातून टीका करणारा पक्षच उरलेला नाही. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणारा स्वतंत्र पक्ष इतिहासजमा झाला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध जी विचारधारा शेतीत रुजवली, ती आरोग्यापर्यंत फारशी पोचली नाही. हे नुकसान आहे. कारण जी टीका हवी होती ती नेमकी हीच: पैसा मागणीच्या बाजूला ओतला, पुरवठा कोण करणार? योजनेतल्या मोठ्या शस्त्रक्रिया करणारी अंगीकृत रुग्णालये मुख्यतः कल्याण, ठाणे, नवी मुंबई, मुंबई इथे. माणूस डोंगरातून तिथवर पोचला की त्याने आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभे राहायचे, शिधापत्रिका आणि आधार दाखवायचे, दोन्हींवरची नावे जुळली पाहिजेत, मग पूर्वमंजुरीसाठी कागद वर जायचे, आजार यादीतल्या पॅकेजमध्ये बसला पाहिजे. कातकरी कुटुंबाची शिधापत्रिका सावकाराकडे किंवा भट्टीमालकाकडे गहाण पडलेली असू शकते, कधी ती काढलेलीच नसते. साप चावला, ताप डोक्यात गेला, बाळंतिणीला रक्तस्राव झाला, या दुखण्यांत ज्या काही तासांवर जीव तोललेला असतो त्या तासांत पाच लाखांचे कार्ड काही करू शकत नाही. मुरबाडच्याच धसई गावाने डिसेंबर 2016 मध्ये राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून नाव कमावले होते. कार्ड घासायचे यंत्र गावात आणता येते, त्यामागे रोजची चालणारी व्यवस्था उभी करणे वेगळे.

योजनेच्या बाजूने एक आकडा मांडला जातो आणि तो खोटा नाही. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हृदयाची झडप, मूत्रपिंडाचे डायलिसिस, कर्करोगाचे केमो यांसाठी जमीन विकणारी कुटुंबे या योजनांमुळे वाचली आहेत, आणि ज्यांना हे फुकटेपण वाटते त्यांनी एकदा त्या कुटुंबांचे कर्जाचे कागद पाहावेत. पण देशाची सरासरी वाडीला लागू होत नाही. जिथे दवाखानाच नाही तिथे खिशातून खर्च कमी होतो तो उपचार न झाल्यामुळेही. सरासरीत दोन्ही घटी सारख्याच दिसतात.

दर ठरवून देण्याचा आणि डॉक्टरांवर बंधने घालण्याचा मुद्दा थोडक्यात उरकतो, कारण त्यात टीकाकारांची बाजू बरीचशी स्पष्ट आहे. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले. कोविडच्या काळात ते आवश्यक होते, आणि त्या महिन्यांतली बिले आठवणारा कोणीही ते नाकारणार नाही. कोविडेतर रुग्णांचे दर बांधण्याचा सरकारचा अधिकार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2020 मध्ये मान्य केला नाही. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला, आणीबाणीच्या उपचारांची सक्ती खासगी रुग्णालयांवरही घातली, तेव्हा मुख्यतः पैसे कोण देणार या प्रश्नावर तिथल्या डॉक्टरांनी दोन आठवडे काम थांबवले. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, असा बंधपत्राचा नियम आहे. कित्येक जण पैसे भरून मोकळे होतात, किंवा वर्ष कसेबसे काढतात. दोष त्यांच्या देशप्रेमात शोधण्यापेक्षा त्या केंद्रातल्या निवासस्थानात, पाण्यात, विजेत आणि औषधांच्या कपाटात शोधावा. जिथे सलाईन लावायला स्टँड नाही तिथे दंडाच्या भीतीने आलेला तरुण डॉक्टर काय करणार?

आता परंपरावाद्यांच्या उपायाकडे. सरकार मागे सरले की कुटुंब, धर्मादाय संस्था, सेवाभावी डॉक्टर आणि बाजार पुढे येतील, असा त्यांचा विश्वास आहे. यातल्या सेवाभावी संस्थांचे काम मी मनापासून मानतो. संभाजीनगरात 1989 साली संघविचारांच्या डॉक्टरांनी उभे केलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय असो, त्याआधी आरोळे दांपत्याचे जामखेड असो की आमटे कुटुंबाचे हेमलकसा असो, सरकार जिथे थकले तिथे ही माणसे उभी राहिली. पण गडचिरोलीतल्या सर्च संस्थेचा अनुभव या युक्तिवादाला पुरता आधार देत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. हे सिद्ध झाले गावात, स्वयंसेवी बळावर. देशभर पोचले ते मात्र सरकारने 2011 मध्ये ते आशाताईंच्या कामात घातले म्हणून. कल्पना समाजाची, पसारा सरकारचा, अशी ही जोडी आहे. धर्मादायावरच विसंबायचे म्हटले तर तेही सक्तीविना चालत नाही. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, यासाठी विश्वस्त कायद्याचे 41 कक कलम आणि 2006 ची उच्च न्यायालयाची योजना लागली. आणि बाजार? सिद्धगडच्या वाडीत बाजार येणार नाही. पावसाळ्यापुरते भात आणि मजुरी असलेल्या शे-दीडशे घरांसाठी कोणता प्रसूतितज्ज्ञ दवाखाना टाकेल? तिथे मोकळा बाजार म्हणजे भगत आणि पदवीविना सुई देणारा माणूस.

यावर टीकाकार म्हणतील, मग सरकारनेच कंत्राटे द्यावीत, खासगी कार्यक्षमता वापरावी. या आक्षेपाला मी हसून सोडणार नाही, कारण 108 ची रुग्णवाहिका त्याच पद्धतीने आली. जानेवारी 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी ती राज्यभर सुरू झाली, आणि ज्या गावांत रस्ता आहे तिथे तिने जीव वाचवले आहेत. पण रस्ता रुग्णवाहिकेचा कंत्राटदार बांधत नाही, आणि रस्ता नसेल तर गाडी वाडीपर्यंत जात नाही, आणि तो रस्ता कोणी बांधायचा, हे वनखाते आणि जिल्हा परिषद यांच्या पत्रव्यवहारात अडकते. सापाच्या विषावरचे औषध पाहा. प्लेगच्या काळात हाफकिनने सुरू केलेली सरकारी प्रयोगशाळा 1899 पासून परळला आहे, तीच पुढे हाफकिन संस्था झाली आणि सापाच्या विषावरचे प्रतिविष तयार करण्यात तिचे नाव झाले. सक्तीच्या काळ्या पर्वातून सरकारने जे एक चांगले उभे केले ते हे, आणि आजही मुरबाडच्या भातखाचरात पाय ठेवणाऱ्याचा जीव त्या बाटलीवर अवलंबून आहे. ती बाटली आरोग्य केंद्रात आहे का आणि ती द्यायला रात्री कोणी जागे आहे का, एवढाच प्रश्न उरतो. कंत्राट दिले म्हणून तो सुटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले, तेव्हा ग्रामीण ठाण्यातून पुढे पाठवलेल्या रुग्णांचा भार किती आहे हे सगळ्यांना दिसले. खालच्या पायऱ्या रिकाम्या ठेवून वरच्या पायरीवर योजनांचे पैसे ओतल्याचा हा परिणाम आहे.

टिळकांनी सुधारकांना जे सांगितले होते ते इथे सरकारला लागू करावे असे मला वाटते. नागरिकाला कार्ड काढण्याची, डॉक्टरला गावात जाण्याची, रुग्णालयाला दर पाळण्याची सक्ती करण्याआधी सरकारने पहिले बंधन स्वतःवर घ्यावे: अनुसूचित क्षेत्रातले प्रत्येक मंजूर पद भरलेले असेल, प्रत्येक केंद्रात बाळंतपण आणि सर्पदंश हाताळता येईल, आणि तसे नसेल तेव्हा कोणाला तरी जाब द्यावा लागेल. यासाठी नवा कायदाही लागत नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे, महाराष्ट्राने त्याचे नियम मार्च 2014 मध्ये केले. सत्ता लोकांच्या जवळ असावी, दूरच्या राजधानीत नसावी, हे परंपरावाद्यांचे सर्वांत जुने आणि सर्वांत पटणारे सूत्र. ते कायद्यात आधीच उतरले आहे, आणि उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी ते अडगळीत टाकले आहे. ग्रामसभेत दारूवर, घरकुलाच्या यादीवर भांडणे होतील, आरोग्याचे काय कळते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा ठरवणारा अनुभव याच जिल्ह्यात आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 पासून राज्यातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला, ठाणे हा त्यांतला एक. गावकऱ्यांनी उपकेंद्राचे गुणपत्रक भरले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून औषध का नव्हते, नर्स का नव्हती हे विचारले. त्यांना वैद्यक कळावे लागले नाही. दार उघडे होते की बंद, एवढे कळणे पुरेसे होते.

शहापूर आणि मुरबाडच्या वाडीपाड्यांना म्हणून एकच विनंती आहे. येत्या ग्रामसभेत, 26 जानेवारीची असो, 1 मेची असो की 15 ऑगस्टची, विषयपत्रिकेवर आपल्या आरोग्य केंद्राची मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रतिविषाच्या बाटल्यांचा साठा हे तीन विषय लेखी घ्या, वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा आणि ठरावाची प्रत जिल्हा परिषदेकडे पोच घेऊन द्या. कार्डे नंतरही काढता येतील.